दोन इंचांचे अर्थशास्त्र

प्रा. मधु दंडवते यांच्या जन्माला २१ जानेवारी २०२४ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने जे लिहिले-बोलले गेले त्यात आदराची उणीव नव्हती. साधी राहणी, निष्कलंक चारित्र्य, संसदेतील अभ्यासपूर्ण भाषणे, नर्मविनोद या सर्वांचा यथास्थित उल्लेख झाला आणि पक्षभेद विसरून सर्वांनी त्यांना अभिवादन केले. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर आपला पक्ष आणि आपला विचार सोडला नाही, त्याचे स्मरण पक्षभेद विसरून करणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याच्या विचारांपासून करून घेतलेली ती सोयीस्कर सुटका आहे. माणूस थोर होता असे एकदा म्हटले, की तो काय म्हणत होता हे ऐकण्याची जबाबदारी संपते. आपल्या देशात संतांची पूजा नेहमी अशीच होत आली आहे.

या स्मरणसोहळ्यांत हटकून सांगितली जाणारी एक गोष्ट म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील दोन इंच जाडीच्या फोमची. १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गाद्या बसविल्या, ही ती गोष्ट. ती सांगताना सांगणाऱ्याचा गळा किंचित दाटून येतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, काय हा दयाळू मंत्री! प्रस्तुत लेखाचा आक्षेप याच दाटलेल्या गळ्याला आहे. ती गादी ही दया नव्हती. ते एक आर्थिक धोरण होते, त्यामागे सार्वजनिक उद्योगाविषयीचा एक निश्चित सिद्धांत होता आणि गेल्या काही दशकांत तो सिद्धांत पद्धतशीरपणे मोडीत काढण्यात आला आहे. जे तो मोडतात तेच गादीचे कौतुक करतात, ही खरी विसंगती होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला असे सरकारी कागदपत्रे सांगतात. प्रत्यक्षात रद्द झाला तो शब्द. तिसऱ्या वर्गाचे नाव दुसरा वर्ग असे झाले, पण फळी लाकडाची ती लाकडाचीच राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांचा संप झाला आणि तो अटकसत्र, बडतर्फी व वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढणे अशा मार्गांनी चिरडण्यात आला. तीन वर्षांनी जनता पक्षाचे सरकार आले. दंडवते बंगलोरच्या तुरुंगातून आणि प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगातून सुटून आलेल्या होत्या. रेल्वेमंत्री म्हणून दंडवत्यांनी जी पहिली कामे केली त्यांत संपाबद्दल बडतर्फ केलेल्या कामगारांना परत घेणे हे एक होते. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. दूर पल्ल्याची, वेगाने धावणारी आणि पहिला वर्ग मुळीच नसलेली ही गाडी होती. आरक्षणाच्या संगणकीकरणाचा विचारही त्यांच्याच काळात सुरू झाला आणि १९८५ नंतर तो प्रत्यक्षात येऊ लागला. खिडकीवरील लिपिक आणि दलाल यांच्यात वाटून जाणारी जागा रांगेतल्या माणसाला मिळावी, हा त्यामागील हेतू होता.

ही तीन कामे सुटी सुटी पाहिली तर ती एका भल्या मंत्र्याची सत्कृत्ये दिसतात. एकत्र पाहिली तर त्यांतून एक विचार दिसतो. रेल्वे ही ज्यांच्या श्रमावर चालते त्यांना न्याय, ज्यांच्या संख्येवर चालते त्यांना प्रथम प्राधान्य आणि ज्यांचा वशिला नाही त्यांना समान संधी, असा तो विचार. वेग ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही, असे गीतांजलीने सांगितले. शरीराला विश्रांती लागते ती तिकिटाच्या किमतीप्रमाणे कमीजास्त होत नाही, असे त्या गादीने सांगितले. आणि हे करताना रेल्वे बुडाली नाही. १९७७-७८ चे वर्ष शिलकीत संपले.

हा मंत्री पेशाने पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. नोकरी सांभाळून शिकणारी, घराण्यातील पहिलीच पिढी म्हणून महाविद्यालयात पाऊल ठेवणारी मुले त्या वर्गांत असत. १९४२ चा लढा, १९५५ चा गोवामुक्तीचा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन, १९६९ ची भूमिमुक्ती चळवळ या सर्वांत हा प्राध्यापक होता. बॅ. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ साली, इंदिरा लाटेच्या भरात, राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले आणि पुढे १९८९ पर्यंत लागोपाठ पाच वेळा पाठविले. विद्यापीठातून राजकारणात येणारे पुष्कळ असतात. त्यांतील बहुतेक येताना आपली पदवी बरोबर आणतात आणि आपला वर्ग मागे ठेवतात. दंडवत्यांनी वर्ग बरोबर आणला. समोरच्या बाकांवर कोण बसले आहे हे पाहिल्याशिवाय चांगला शिक्षक तोंड उघडत नाही. रेल्वेच्या बाबतीतही त्यांनी प्रथम विचारले ते हेच, की बाकांवर कोण बसले आहे?

आता या प्रश्नाची जागा कोणत्या प्रश्नाने घेतली ते पाहा. गेल्या दशकात रेल्वेच्या तिकिटावर एक मजकूर छापला जाऊ लागला. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम रेल्वे तुमच्याकडून वसूल करते, उरलेली देशातील सामान्य नागरिक भरतात, असा त्याचा आशय. तिकीट काढणाऱ्या माणसाला त्याच्या तिकिटावरच ऋणको ठरविण्याचा हा प्रकार आहे. तुम्ही प्रवास करता म्हणजे कोणाच्या तरी उपकारावर जगता, हे त्याला प्रत्येक फेरीला ऐकविले जाते. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकास या टक्केवारीविषयी चार शब्द बोलणे भाग आहे, कारण तिला शास्त्राचा मुलामा दिलेला आहे आणि तो मुलामा फार पातळ आहे.

रेल्वेचा लोहमार्ग एक, त्यावरून मालगाडीही धावते आणि प्रवासी गाडीही. पूल, सिग्नल, स्थानके, देखभाल करणारे कामगार, निवृत्तांचे वेतन हा सारा खर्च सामाईक असतो. त्यातील किती हिस्सा कोळशाच्या वाघिणीच्या नावे टाकावा आणि किती सामान्य डब्यातील उभ्या प्रवाशाच्या नावे, याचे निसर्गदत्त उत्तर नाही. रेल्वेच्या दरांमागील सामाईक खर्चाविषयी टाउसिग आणि पिगू या दोन अर्थशास्त्रज्ञांत १९१२-१३ साली जो वाद झाला तो आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला होता. हा खर्च वाटून देण्याची पद्धत हिशेबनीस ठरवितो, आणि कोणती पद्धत स्वीकारायची हे राज्यकर्ते ठरवितात. तेव्हा ५७ हा आकडा निसर्गनियम नव्हे. तो एका विशिष्ट वाटणीचा परिणाम आहे आणि ती वाटणी बदलली की आकडाही बदलतो.

शिवाय हा आकडा सरासरीचा आहे. शयनयानाच्या नव्या डब्यात ८० माणसे झोपतात. वातानुकूलित तिसऱ्या श्रेणीच्या डब्यात ७२, दुसऱ्या श्रेणीच्या डब्यात ५२ आणि पहिल्या श्रेणीच्या डब्यात २४. डबा तोच, चाके तीच, इंजिनावर पडणारा भार जवळपास तोच. सामान्य डब्यात तर शंभर आसने असतात आणि सणासुदीला त्यात किती माणसे कोंबली जातात ते मोजण्याची तसदी कोणी घेत नाही. या माणसांनी डब्याच्या लांबीच्या दर फुटामागे रेल्वेला काय दिले आणि बदल्यात त्यांना काय मिळाले, याचा हिशेब तिकिटावर छापला तर तो अधिक उद्बोधक होईल. सरासरीची गंमत अशी की तिच्या आड सर्वांना उभे करता येते आणि दोष मात्र शेवटच्या माणसाला देता येतो.

आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. अनुदानाची ही पावती केवळ आगगाडीच्याच तिकिटावर का? २०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना जाहीर केली. तीत ठरावीक मार्गांवरील विमानभाडे मर्यादित ठेवून विमान कंपन्यांची तूट सरकार भरून देते. दंडवत्यांच्याच जुन्या मतदारसंघात, सिंधुदुर्गातील चिपी येथे, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला तो या योजनेखालील उड्डाणाने. त्या विमानात बसणाऱ्याच्या तिकिटावर, तुझ्या प्रवासाचा अमुक हिस्सा कणकवलीच्या फलाटावर ताटकळणारा शेतमजूर भरतो, असे कोणी छापले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यामुळे वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. त्या कंपन्यांच्या ताळेबंदावरही अशी कृतज्ञतेची ओळ छापलेली पाहण्यात नाही. तेथे तिला गुंतवणुकीचे प्रोत्साहन म्हणतात. गरिबाला दिले की अनुदान आणि श्रीमंताला दिले की प्रोत्साहन, ही आपल्या सरकारी अर्थशास्त्राची परिभाषा आहे. दंडवत्यांना ही परिभाषा मान्य नव्हती. ते आजच्या सत्ताधाऱ्यांना परवडत नाहीत ते याच कारणाने, आणि त्यांची साधी राहणी परवडते तीही याच कारणाने.

यावर एक उत्तर दिले जाते आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. लोकांचे उत्पन्न वाढले आहे, लोकांनाच वातानुकूलित डबे हवे आहेत, मागणी तसा पुरवठा हा व्यवहार आहे, मग यात वर्गकलह कोठून आला, असे हे उत्तर आहे. लोकांना थंड हवा नको असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. उलट आमची तक्रार ती मोजक्यांनाच मिळते अशी आहे. परंतु मागणी म्हणजे काय? ज्या गाडीतील शयनयानाचे डबे काढून तेथे वातानुकूलित डबे लावले गेले, त्या गाडीने जाणाऱ्यापुढे तीन पर्याय उरतात. जास्त पैसे मोजणे, सामान्य डब्यात स्वतःला कोंबणे किंवा घरी राहणे. जो कर्ज काढून पहिला पर्याय पत्करतो त्याची गणना वातानुकूलित प्रवासाच्या वाढत्या मागणीत होते. जो दुसरा पत्करतो त्याची गणना गर्दीत होते. जो तिसरा पत्करतो तो कोणत्याच तक्त्यात येत नाही. खिशातील पैशाने व्यक्त होते ती मागणी, आणि पैसा नाही म्हणून जी व्यक्त होत नाही ती गरज. सार्वजनिक उद्योग या दुसऱ्या गोष्टीसाठी असतो. पहिल्या गोष्टीसाठी बाजार समर्थ आहे.

ही गरज कधी कधी अत्यंत भीषण रीतीने स्वतःची नोंद करून जाते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळी आणि छठ यांच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरला जाणाऱ्या अंत्योदय एक्स्प्रेसमध्ये चढताना चेंगराचेंगरी होऊन अनेक जण जखमी झाले. ती संपूर्ण अनारक्षित गाडी होती. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकावर कुंभमेळ्याला निघालेल्या गर्दीत १८ जणांचा बळी गेला. अशा प्रत्येक वेळी चर्चा होते ती गर्दीच्या नियोजनाची, अफवेची, जिन्याच्या रुंदीची. माणसे इतक्या जिवावर उदार होऊन एका दाराकडे का धावतात, हा प्रश्न मागे राहतो. आत जागा अपुरी आहे हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ती धावतात. बिनवातानुकूलित ‘अमृत भारत’ गाड्या ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाल्या आणि सामान्य डबे वाढविण्याच्या घोषणा झाल्या, याची नोंद घेणे न्यायाचे आहे. परंतु पहिली वंदे भारत फेब्रुवारी २०१९ मध्ये धावली. म्हणजे बहुसंख्य प्रवाशांची आठवण व्हायला पाच वर्षे लागली. दंडवत्यांनी गीतांजली काढली ती मंत्री होऊन वर्षही पुरे होण्याआधी. प्राधान्यक्रम याला म्हणतात.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत हेही असेच उदाहरण आहे. साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के मिळणारी ही सूट २० मार्च २०२० पासून महासाथीचे कारण देऊन थांबविण्यात आली. वृद्धांनी प्रवास करू नये हा तेव्हा युक्तिवाद होता आणि तो त्या दिवसांपुरता समजण्याजोगा होता. महासाथ ओसरली, पण पुढे पाच वर्षे उलटली तरी सूट परतली नाही. संकटात घेतलेला निर्णय संकट संपल्यावर धोरण होऊन बसतो तो असा. आणि या निर्णयावर संसदेत रेल्वेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी सविस्तर झडती घ्यावी म्हटले तर ते अंदाजपत्रकच उरलेले नाही. स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची प्रथा १९२४ साली, म्हणजे दंडवत्यांच्या जन्मवर्षीच, सुरू झाली आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. शेवटचे रेल्वे अंदाजपत्रक २०१६ साली मांडले ते सुरेश प्रभू यांनी, ज्यांनी दंडवत्यांच्याच राजापूर मतदारसंघाचे पुढे प्रतिनिधित्व केले होते. दंडवते १९९६ ते १९९८ या काळात ज्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते तो आयोगही २०१५ च्या आरंभी इतिहासजमा झाला. त्यांची स्तुती करणाऱ्यांनी त्यांनी भूषविलेल्या आसनांचे काय केले, हे यावरून दिसेल.

येथे दंडवत्यांच्या दुसऱ्या मंत्रिपदाकडे वळले पाहिजे, कारण त्यांच्या टीकाकारांचा खरा रोख तेथे आहे. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात ते अर्थमंत्री होते. त्यांनी शेतकरी व कारागिरांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ करण्याची योजना आणली. तेव्हापासून आजतागायत असे सांगितले जाते की, या उधळपट्टीनेच १९९१ चे संकट ओढवले आणि मग एका खऱ्या अर्थतज्ज्ञाला देश सावरावा लागला. या आख्यायिकेत एक प्राध्यापक खलनायक आहे आणि दुसरा नायक.

डॉ. मनमोहन सिंग यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी दुमत नाही आणि २००५ चा रोजगार हमी कायदा त्यांच्याच सरकारचा, हेही विसरता येत नाही. परंतु १९९१ चे संकट परकीय चलनाचे होते. केंद्राची वित्तीय तूट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातच राष्ट्रीय उत्पन्नाच्या सात-आठ टक्क्यांच्या घरात होती. त्याच काळात परदेशांतून अल्प मुदतीची, महागड्या व्याजाची व्यापारी कर्जे काढली गेली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केला आणि तेलाचे भाव भडकले. आखातातील आपल्या कामगारांचे पैसे येणे आटले आणि घाबरलेल्या ठेवीदारांनी आपल्या परकीय ठेवी काढून घेतल्या. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दहा हजार रुपयांचे कर्ज माफ झाले म्हणून देशाजवळचे डॉलर संपले, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही उत्तरपत्रिकेत लिहिले तर त्याला गुण मिळणार नाहीत. देशाच्या अग्रलेखांत मात्र ते तीस-पस्तीस वर्षे छापले जात आहे.

कर्जमाफी निर्दोष होती असा आमचा दावा नाही. सहकारी पतपुरवठ्याची व्यवस्था सुधारल्याशिवाय, पीकविमा आणि रास्त भाव यांची जोड दिल्याशिवाय केलेली माफी एका हंगामाचे दुखणे बरे करते आणि पुढच्या हंगामात दुखणे परत येते. ती टीका समाजवाद्यांनी स्वतःच करावयास हवी. परंतु दंडवते हे नियंत्रणांचे आंधळे भक्त होते, या आरोपाचे काय? ज्या सुवर्णनियंत्रण कायद्याने साठीच्या दशकापासून देशभरातल्या सोनारांचा रोजगार घालविला आणि तस्करांची घरे भरली, तो १९९० साली रद्द झाला. त्या वेळी अर्थमंत्री होते ते हेच ‘पोथीनिष्ठ’ समाजवादी. जे नियंत्रण कारागिराच्या गळ्याभोवती पडते ते काढावे आणि जे धनिकाच्या हव्यासाभोवती असावयास हवे ते ठेवावे, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. उदारीकरणाच्या भाटांनी त्यांच्या नावावरील ही नोंद सोयिस्करपणे विसरून टाकली आहे.

शेवटी कोकण रेल्वे. ही रेल्वे व्हावी अशी मागणी पिढ्यान्‌पिढ्या होत होती आणि परताव्याच्या निकषावर ती दरवेळी फेटाळली जात होती. जेथे उद्योग नाहीत तेथे मालवाहतूक नाही, मालवाहतूक नाही तेथे रेल्वे परवडत नाही आणि रेल्वे नाही तेथे उद्योग येत नाहीत. या चक्रात कोकणचा माणूस गिरणगावाच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिला आणि घर मनीऑर्डरीवर चालले. हे चक्र तोडायचे तर परताव्याचा निकषच बाजूला ठेवावा लागतो, हे नाथ पै यांनी ओळखले आणि दंडवत्यांनी चिकाटीने पुढे नेले. रेल्वेमंत्री असताना त्यांनी आपटा–रोहा मार्गाला चालना दिली आणि १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत आली. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, दंडवते अर्थमंत्री होते आणि महामंडळाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे आली. डोंगर पोखरून आणि खाड्या ओलांडून सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे खुला झाला. हे काम सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच, १९९१ च्या निवडणुकीत त्याच राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले. त्यांनी त्याबद्दल कोकणाला दोष दिल्याचे ऐकिवात नाही.

तथापि या यशातही एक काटा आहे आणि तो सांगितला पाहिजे. देशात इतरत्र रेल्वेमार्ग सरकारच्या अंदाजपत्रकातून झाले. कोकणचा झाला तो केंद्राचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के भांडवल घेऊन आणि उरलेला मोठा हिस्सा रोख्यांच्या कर्जातून उभा करून. सरकारची तिजोरी मोकळी नव्हती, तेव्हा हा मार्ग निघाला नसता तर कदाचित रेल्वेच झाली नसती, हे खरे. परंतु कर्ज फेडावयाचे म्हणून या मार्गावर प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरून भाडे आकारले जाऊ लागले. देशातील मागासलेल्या पट्ट्यातील माणसाने आपल्या रेल्वेची किंमत दुसऱ्यांदा भरावी, हा न्याय नव्हे. विलीनीकरणाला महाराष्ट्र शासनाने २०२५ साली संमती दिली. आता प्रश्न असा की, विलीनीकरणानंतर हा जादा अंतराचा कर जाणार की नव्या नावाने राहणार?

त्याच मार्गावर २७ जून २०२३ रोजी मुंबई–मडगाव वंदे भारत हिरवा झेंडा दाखवून सुरू करण्यात आली. आणि त्याच मार्गावर दादरपर्यंत येणारी रत्नागिरीची साधी पॅसेंजर महासाथीनंतर दिव्यालाच थांबविण्यात आली. गाठोडी, फणस आणि लहान मुले घेऊन उतरणाऱ्या चाकरमान्याने दिव्याच्या पुलावर उपनगरी गाडीच्या गर्दीत शिरावे, अशी ही योजना. एक गाडी आली आणि दुसरी मागे सरकली. या दोन घटनांचा वेळापत्रकात काही संबंध असो वा नसो, धोरणात निश्चित आहे.

तेव्हा आपण समाजवाद्यांनी काय करावयाचे? पुतळे आणि नामकरणे यांची मागणी करणे सर्वांत सोपे आहे, आणि सरकारला ती मान्य करणेही तितकेच सोपे आहे. ज्या माणसाने आपला देहही जे. जे. रुग्णालयाला देऊन टाकला, त्याला दगडात कोंडण्याचे कारण नाही. मागावयाचे असेल तर हे मागावे : दूर पल्ल्याच्या प्रत्येक गाडीत किमान निम्मी आसने सामान्य व साध्या शयनयानाच्या डब्यांत असावीत आणि हे प्रमाण कायद्याने बांधलेले असावे. ज्येष्ठांची सवलत हक्क म्हणून पुनःस्थापित व्हावी. रेल्वेच्या हिशेबावर संसदेत स्वतंत्र आणि पुरेशी चर्चा व्हावी, व सामाईक खर्चाची वाटणी कोणत्या तत्त्वावर केली ते तिच्यापुढे मांडले जावे. कोकण रेल्वेवरील जादा अंतराचे भाडे रद्द व्हावे आणि रत्नागिरीची पॅसेंजर पुन्हा दादरला यावी. या मागण्या घेऊन वर्षातून एकदा सभागृहात नव्हे, तर दर आठवड्याला स्थानकावर जावे लागेल. तेथे श्रोते भरपूर आहेत. बसायला जागा नाही म्हणून ते उभेच असतात.

हे सारे खर्चिक आहे असे सांगितले जाईल. होय, खर्चिक आहे. लाकडी फळीवर दोन इंच फोम घालणेही १९७७ साली खर्चिकच होते आणि तेव्हाही रेल्वेच्या तज्ज्ञांजवळ आकडे होतेच. फरक एवढाच होता की मंत्र्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने आकड्यांआधी फळीवर झोपणाऱ्या माणसाकडे पाहिले. पैसा किती आहे हा अर्थशास्त्राचा दुसरा प्रश्न आहे. तो कोणासाठी आहे हा पहिला. पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाला जे कळले ते अर्थशास्त्राच्या पदव्या मिरविणाऱ्यांना कळत नसेल, तर त्यांना ते पुन्हा शिकविणे हे आपले काम आहे. आणि हा तास विद्यापीठात नव्हे, फलाटावर घ्यावा लागेल.